‘करून टाका’ म्हणजे मंजुरी नव्हे

बाबा बडनेऱ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सातवीत असताना सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन स्टेशनात जायचे. एकदा त्यांच्याकडे सांध्याच्या मोटरचं काम होतं. खांद्याला हत्यारांची पेटी, हातात कार्बन लावलेलं पुस्तक, आणि ते स्टेशन मास्तरांच्या टेबलासमोर उभे. मास्तर म्हणाले, “आत्ता नाही. हावडा मेल जाऊ द्या.” बाबा काही न बोलता बाहेर बाकावर येऊन बसले, डबा खाल्ला, हात धुतले. मेल गेली. मग मास्तरांनी पुस्तकात वेळ टाकून सही केली आणि बाबा रुळांकडे निघाले. काम झाल्यावर पुन्हा तेच. सांधा दोन्हीकडे फिरवून पाहिला, मास्तरांनी आपल्या जागेवरून खात्री केली, पुन्हा वेळ, पुन्हा सही.

त्या पुस्तकाला रेल्वेत टी-३५१ म्हणतात. सिग्नलचं कुठलंही यंत्र कामासाठी सोडवायचं असेल तर काय सोडवतोय, कशासाठी, किती वेळासाठी, हे त्यात लिहायचं आणि स्टेशन मास्तरची सही घ्यायची. काम संपलं की पुन्हा जोडल्याची नोंद वेगळी. रिले रूमला तर दोन कुलपं असतात. एक किल्ली सिग्नल खात्याकडे, दुसरी स्टेशन मास्तरकडे. एकट्याने दार उघडायची सोयच ठेवलेली नाही.

यंत्राची माहिती बाबांना होती, मास्तरांना नव्हती. तरी काम कधी करायचं हे ठरवायचा अधिकार मास्तरांचा, कारण गाड्या ते चालवत होते. गेली २७ वर्षं मी अमरावती आणि अकोल्यात संगणकाचं काम करते आहे. आधी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात, नंतर स्वतःचं. बडनेऱ्याहून अकोल्याला रोज अप-डाऊन करून डाळ मिल, जिनिंग, पतसंस्था, दवाखाने, कृषी केंद्रं यांची यंत्रणा सांभाळली. एवढ्या वर्षांत बाबांच्या त्या पुस्तकासारखं एखादं पुस्तक मला आपल्याकडच्या फार थोड्या कचेऱ्यांत दिसलं. ते प्रत्येक कचेरीत असायला हवं, आणि त्यावर सही सॉफ्टवेअरवाल्याची किंवा फक्त मालकाची नको, काउंटरवर बसणाऱ्याची हवी, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

एक घडलेली गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, कारण चूक झाली तरी त्या माणसांची नियत खरी होती.

अकोल्यापासून तासाभरावर एक जिनिंग आहे. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, कापूस जोरात सुरू होता. फाटकाबाहेर मेटॅडोर आणि ट्रॅक्टरची रांग. मालकांना वाटलं, वजन झाल्याबरोबर शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेला पाहिजे. चांगलाच विचार होता. सॉफ्टवेअरवाल्याने एका रात्री पावणेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “सर, आज अपडेट टाकून देऊ का?” मालक तेव्हा नात्यातल्या साक्षगंधात होते. त्यांनी उत्तर दिलं, “करून टाका.” त्याने दुरून मशीन उघडलं, अर्ध्या तासात काम केलं आणि बंद केलं. काट्यावर बसणाऱ्या मुलाला हे सकाळी कळलं, तेही पडद्याचा रंग बदललेला दिसला म्हणून.

मेसेज जायला लागले. सगळे खूश होते. पाचव्या दिवशी मी तिथे प्रिंटरच्या कामासाठी गेले होते, तेव्हा एक म्हातारे शेतकरी हातात काटापट्टी घेऊन खिडकीशी आले. धोतर, टोपी, खिशात दोन पेन्सिली. त्यांचा कापूस ७ क्विंटल ४० किलो, भाव ७,००० रुपये, ओलावा ९ टक्के. त्या जिनिंगचा नियम गावागावात माहीत होता. ८ टक्के ओलाव्यापर्यंत कापायचं नाही, त्यावर प्रत्येक टक्क्याला भावाचा एक टक्का कापायचा. म्हणजे क्विंटलमागे ७० रुपये, आणि त्यांच्या मालावर एकूण ५१८. पट्टीवर कपात होती १,०३६.

काट्यावरचा मुलगा म्हणाला, “काका, कॉम्प्युटर चुकत नाही.”

म्हातारे त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे वळले. “मले इंग्रजी नाई येत, बाई. पन गुनाकार येते.” पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने मांडणी केली होती. सरळ, स्वच्छ, हातचा वर लिहिलेला. ती बरोबर होती.

शोधायला आम्हाला दुपार गेली. नव्या आवृत्तीबरोबर कपातीचा मूळ तक्ताही आला होता, आणि या जिनिंगने ८ वर नेऊन ठेवलेली मर्यादा पुसून तिच्या जागी ७ बसली होती. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो मनापासून म्हणाला, “मॅडम, त्या भागाला आम्ही हातच लावला नाही.” त्याला खरंच तसं वाटत होतं. आधीचा बॅकअप मागितला, तो दसऱ्याच्या आधीचा निघाला. म्हणजे मागे फिरायला रस्ताच नव्हता. चार दिवसांत २१४ पट्ट्यांवर जास्त कपात झाली होती. कुणाचे २०० रुपये, कुणाचे ६००. मालक, त्यांचे मुनीम आणि मी, आम्ही सहा रात्री बसून एकेक पट्टी हाताने तपासली. एकेकाला फोन करून चुकाऱ्यातला फरक दिला. १९ जणांचे नंबरच नव्हते, त्यांच्या गावच्या दुकानांत निरोप ठेवले. शेवटचा माणूस महिन्याने आला.

पैसे परत देता आले. पण तोवर आजूबाजूच्या गावांत बोललं जात होतं की तिथे काटा मारतात. तीन पिढ्यांत त्या घरावर असा शब्द आला नव्हता. मालक एका संध्याकाळी मला म्हणाले, “ताई, मी फक्त हो म्हटलं होतं.”

त्यांच्या त्या वाक्यात सगळा प्रश्न आला. ‘हो’ म्हणताना त्यांना काय बदलणार हे माहीत नव्हतं, कुठे बदलणार हे माहीत नव्हतं, बिघडलं तर परत कसं यायचं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि हंगामाच्या भर गर्दीत ते करायचं की नाही हे ज्याला कळत होतं त्या काट्यावरच्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं. याला आपण मंजुरी म्हणतो. जमिनीचा सौदा करताना सातबारा, फेरफार, चतुःसीमा पाहणारी आपली माणसं ज्या यंत्रावर वर्षाची सगळी उलाढाल चालते त्याच्याबाबत दोन शब्दांत मोकळी होतात.

उलट उदाहरणही आपल्याच शहरातलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. ३ तारखेला निर्णय जाहीर झाला आणि २२ तारखेपासून अंमल. अमरावतीत तो घटस्थापनेचा दिवस, अंबादेवी-एकवीरेच्या यात्रेचा पहिला दिवस. बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला होता, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या जवळपास प्रत्येक वस्तूला हात लागणार. माझ्या ओळखीच्या एक ताई राजकमल चौकाजवळच्या दुकानात बिलिंग सांभाळतात. शिक्षण बारावी. त्यांनी २१ तारखेला, रविवारी सर्वपित्री अमावास्या असूनही, संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. आधी सगळ्या हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो पेनड्राइव्ह घरी नेला. मग घरच्या जुन्या लॅपटॉपवर नवे दर टाकून दहा बिलं करून पाहिली आणि कागदावर हाताने पडताळली. दोन बिलं चुकली. ज्या औषधांवर कर शून्य झाला होता त्यांच्यावर ५ टक्के लागत होते. ते नीट करून मग दुकानातल्या मशीनला हात लावला. वहीत लिहिलं: तारीख, वेळ, काय बदललं, प्रत कुठे आहे, चुकलं तर कुणाला फोन करायचा. सोमवारी सकाळी दुकान वेळेवर उघडलं.

त्या ताईंनी बदल व्यवस्थापनाचा कुठलाही अभ्यासक्रम केलेला नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांत जे पगार देऊन करवून घेतात ते सगळं त्यांच्या त्या एका संध्याकाळच्या कामात होतं. चाचणी, प्रत, मागे फिरायचा रस्ता, वेळेची निवड, लेखी नोंद.

आणि मोठ्या कंपन्यांत ते नेहमी होतं असंही नाही. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणाऱ्या अमेरिकी कंपनीने एक छोटी फाइल जगभरातल्या ग्राहकांच्या मशीनवर एकाच वेळी पाठवली. तपासणीत २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्षात २० चीच माहिती पुरवली जात होती. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती फाइल आधी १०० मशीनवर, मग १,००० वर, असं करत पाठवली असती तर पहिल्या १०० वरच कळलं असतं. आपल्याकडे कोणतीही बाई नवीन तांदूळ आणला की आधी वाटीभर शिजवून पाहते, पंगतीला थेट घालत नाही. तेवढंच करायचं राहिलं होतं. त्या प्रकारच्या फाइल थांबवून ठेवायचा, ‘आत्ता नको’ म्हणायचा पर्याय ग्राहकांच्या हातातही नव्हता. माझ्या मते दोन्हींतली जास्त मोठी चूक ही दुसरी.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे ओळखलं आहे. २४ एप्रिल २०२४ ला तिने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यास मनाई केली. कारणांच्या यादीत बदल आणि पॅच यांचं व्यवस्थापन नीट नसणं हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मनाई उठायला १२ फेब्रुवारी २०२५ उजाडला. देशातल्या एका बड्या बँकेचा धंदा साडेनऊ महिने अडला, आणि त्यामागे हेही एक कारण होतं. नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकांचे चार स्तर केले, आणि यंत्रणेतल्या बदलांचं व्यवस्थापनही त्यात आलं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. त्या १९६० च्या सहकार कायद्याखाली चालतात. वऱ्हाडातल्या हातावर पोट असलेल्या माणसाची पिग्मी पतसंस्थेत जाते. भाजीवाल्या बाईचे रोजचे ५० रुपये ज्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात त्यात रात्री कोण काय बदलतं, हे विचारणारं तिच्या बाजूने कुणी नाही.

सरकारी पातळीवर याचा फटका वऱ्हाडाने पोटभर खाल्ला आहे. २०१७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,००० कोटींची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. या वेळी पहिल्यांदा सगळं ऑनलाइन. प्रत्येक शेतकऱ्याने अर्ज भरायचा, बँकांनी आपली माहिती भरायची, आणि दोन्ही जुळवून संगणक यादी काढणार. हेतू स्वच्छ होता. आधीच्या कर्जमाफीत अपात्रांनाही पैसे गेल्याच्या तक्रारी होत्या, त्या टाळायच्या होत्या. त्या पावसाळ्यात मी दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या सेवा केंद्रांसमोर रात्री अकरापर्यंत रांगा पाहिल्या. बायका लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून हात पुन्हा पुन्हा पुसणारे म्हातारे. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रांचं वाटप झालं आणि त्यानंतर याद्या अडकल्या. अर्जातली माहिती आणि बँकेची माहिती जुळेना. एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती निघाली. सत्कार करून प्रमाणपत्र दिलेला माणूस बँकेत गेला तर खात्यात काही नाही.

तारीख आधी ठरली होती आणि यंत्रणेने त्या तारखेपर्यंत धावायचं होतं. एखादा तालुका घेऊन, समजा एकट्या बार्शीटाकळीची माहिती आधी जुळवून पाहिली असती, तर एकाच क्रमांकावरची अनेक खाती ऑगस्टमध्येच दिसली असती. तिथल्या गटसचिवाला विचारलं असतं तर त्याने यंत्र न लावताही सांगितलं असतं की आमच्या याद्यांत गोंधळ आहे. त्याला कुणी विचारलं नाही, कारण मंजुरीच्या साखळीत त्याची जागाच नव्हती. आता कापसाच्या हमीभावासाठीही २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आली आहे आणि नोंदणीची मुदत वाढवावी लागली. अ‍ॅप हवंच, मी त्याच्या बाजूची आहे. पण असं प्रत्येक पाऊल टाकण्याआधी एखाद्या खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरला आणि चार शेतकऱ्यांना बसवून महिनाभर वापरून पाहिलं पाहिजे.

कुणी म्हणेल, सही-शिक्क्यांनी काय होतं, रेल्वेकडे इतकी पुस्तकं असून बालासोर झालंच ना. झालं. २ जून २०२३ च्या संध्याकाळच्या त्या रेल्वे अपघाताची बातमी मी बाबांबरोबर पाहिली. ते तेव्हा ८१ वर्षांचे होते. २९० हून अधिक माणसं गेली. नंतर संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरात कारण आलं: बहानगा बाजार स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या जोडणीतल्या बदलात राहिलेल्या त्रुटी, आणि त्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाच्या कामात झालेल्या त्रुटी. पूर्वीच्या त्या बदलाची नोंद जोडणीच्या नकाशात झालीच नव्हती, तारांवरच्या खुणाही बदललेल्या नव्हत्या. काही वर्षांनी काम करायला आलेल्या माणसाने कागदावर विश्वास ठेवला आणि कागद खोटा होता. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, त्याच खरगपूर विभागातल्या दुसऱ्या एका स्टेशनात चुकीच्या जोडणीचाच प्रकार उघड झाला होता. तेव्हाच सगळीकडे तपासलं असतं तर हा अपघात टळला असता, असं चौकशी अहवालानेच म्हटलं.

चौकशीतलं हे कारण कळलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ज्यानं पहिल्यांदा तार बदलली त्यानं नकाशावर लाल पेन्सिल फिरवली असती ना, तर दोन मिनिटं लागली असती.” ते उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून सही पुरत नाही, नोंद खरी हवी. मी कुठल्याही नव्या कचेरीत गेले की पहिला प्रश्न हाच विचारते: या यंत्रणेत आजवर काय काय बदललं, ते कुठे लिहिलंय? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ते आमच्या आधीच्या मुलाला माहीत होतं. तो मुलगा पुण्याला गेलेला असतो. त्याच्याबरोबर पासवर्ड गेलेले असतात, कुठल्या मशीनवर कशाची प्रत आहे ते गेलेलं असतं, आणि तीन वर्षांपूर्वी एका रात्री त्याने केलेली तात्पुरती सोयही गेलेली असते. ती सोय अजून चालू असते, फक्त कुणाला माहीत नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अशी परवानगी-परवानगी करत बसलं तर जी दुरुस्ती तातडीची आहे तीही अडेल. हे खरं आहे आणि त्याचंही उदाहरण आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकावर दुरुस्ती दिली. १२ मे ला त्याच भोकातून वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर शिरला. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत दुरुस्ती लावली नव्हती त्यांचे दवाखाने बंद पडले, ब्रिटनमध्ये रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा ‘बदल नको’ असं मी कधीच म्हणणार नाही. सुरक्षेची दुरुस्ती आली तर त्याच दिवशी एका मशीनवर लावावी, दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर. आग लागली असेल तर आधी विझवावी आणि नोंद त्याच संध्याकाळी करावी. पण अपडेटच्या नावाखाली येणाऱ्या बहुतेक गोष्टी आग नसतात. नवा रंग, नवा अहवाल, नवी बटणं. त्या मंगळवारऐवजी पुढच्या रविवारी आल्या तर कुणाचं काही अडत नाही.

आणि रविवार की मंगळवार हे ठरवायला वऱ्हाडाचं पंचांग माहीत असावं लागतं. पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला मार्च संपताना आपल्याकडे कर्जाचं नवं-जुनं करायला किती गर्दी होते हे कळणार नाही. त्या आठवड्यात यंत्रणा चार तास बंद पडली तर एखाद्या शेतकऱ्याची व्याज सवलत जाते. त्याला जूनमधलं पेरणीच्या तोंडावरचं पीककर्ज वाटप कळणार नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जिनिंगचा काटा थांबत नाही, हे कळणार नाही. सोयाबीन निघालं की अकोल्याच्या बाजार समितीत मध्यरात्रीपासून गाड्या लागतात, हे कळणार नाही. हे काट्यावरच्या, काउंटरवरच्या, पावती फाडणाऱ्या माणसाला कळतं. म्हणून ‘आत्ता नाही, मेल जाऊ द्या’ म्हणायचा अधिकार त्याचा असला पाहिजे. पगारात तो सगळ्यात खाली असेल, तरीही.

मालकांना, पतसंस्थांच्या संचालकांना, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझं सांगणं फार खर्चाचं नाही. २०० पानी वही घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला आजच सांगून ठेवा की या वहीत लिहिल्याशिवाय मशीनला हात लागणार नाही, दुरूनही नाही. काय बदलणार, का बदलणार, बदलायच्या आधीची प्रत कुठे ठेवली, ती प्रत उघडते का हे कुणी पाहिलं, बिघडलं तर किती वेळात जुनं परत येईल, हे त्यात लिहून घ्या. मग दोन सह्या: तुमची एक आणि जो रोज ते यंत्र वापरतो त्याची एक. दुसरी सही झाली नाही तर काम होणार नाही, म्हणजे नाहीच. बदल झाल्यावर पहिली दहा बिलं, पहिल्या दहा पावत्या हाताने तपासून त्याखाली लिहा. आणि ग्राहकाने पट्टीमागे पेन्सिलीने केलेली आकडेमोड पुढे केली, तर कॉम्प्युटर चुकत नाही असं त्याला कुणी म्हणू नये, हे आपल्या माणसांना शिकवा.

अमरावती आणि अकोल्यात अभियांत्रिकीची इतकी कॉलेजं आहेत. दर वर्षी मुलं तिथे प्रोग्राम लिहायला शिकतात. त्यांना शेवटच्या वर्षी एक आठवडा एखाद्या डाळ मिलमध्ये, पतसंस्थेत बसवा, आणि फक्त गेल्या वर्षभरात तिथे काय बदललं आणि ते कुणाला विचारून, एवढंच लिहून आणायला सांगा. ती मुलं उद्या ज्या यंत्रणा लिहितील त्यांच्यावर २१४ नव्हे, लाखो माणसांच्या पट्ट्या निघणार आहेत.

त्या जिनिंगमध्ये आम्ही त्याच हिवाळ्यात अशी वही सुरू केली. तिचं पहिलं पान म्हणून म्हाताऱ्यांच्या त्या पट्टीची झेरॉक्स चिकटवली आहे, पेन्सिलीची बाजू वर ठेवून. आजवर वहीत ६३ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ नोंदींसमोर काट्यावरच्या त्या मुलाने ‘आज नाही’ असं लिहून सही केली आहे, आणि नवही वेळा मालकांनी काम पुढे ढकललं आहे.